सोफा नंतर आणा, आधी जमिनीवर टेप मारा

गणपती गेले की आमच्या कुडाळ-मालवणकडे एकांकिकांच्या तालमी सुरू होतात आणि माझ्या फोनवर कॉलेजच्या पोरांचे मेसेज. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई सेट काय लावूया. संहिता अजून अर्धी, पात्रं कोण करणार ते नक्की नाही, पण सोफा कोणाच्या घरून आणायचा, टेम्पो कोणाच्या काकाचा, हे सगळं ठरलेलं. मी अनेक वर्षं बॅकस्टेज करतेय, त्यामुळे हे सगळं एकदाच लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

सोफ्याच्या आधी टेप. दोन टेप म्हणजे, एक मोजायची आणि एक चिकटवायची.

ज्या हॉलमध्ये प्रयोग आहे तिथे जाऊन स्टेज मोजून यायचं. ऑफिसात बसलेला माणूस "तीस फूट आहे" म्हणतो त्यावर विश्वास ठेवू नका, तो भिंतीपासून भिंतीपर्यंत सांगत असतो, त्यातून दोन्हीकडच्या विंगा (नट एन्ट्रीआधी ज्यांच्याआड थांबतात त्या बाजूच्या जागा) गेल्या, मागचा पडदा भिंतीपासून तीन-चार फूट पुढे टांगलेला असतो तो गेला, पुढची झालर जिथे लोंबते त्याच्या पुढे लाईट पोचतच नाही ते गेलं, आणि हातात उरतं ते अठरा बाय बारा वगैरे. आपल्याला तेवढंच खेळायचंय. मग ग्राफ पेपरवर एक सेंटिमीटरला एक फूट धरून वरून दिसेल तसा नकाशा काढायचा, हाच ग्राउंड प्लॅन, आणि तालमीच्या जागेत तोच नकाशा खऱ्या मापाने जमिनीवर टेपने मारायचा. इकडे दरवाजा, इकडे खाट, इकडे भिंत संपली. तालीम कोणाच्या खळ्यात चालली असेल आणि जमीन शेणाने सारवलेली असेल तर टेप चिकटत नाही, तिथे चुना नाहीतर सरळ रांगोळी. एवढं केलं की पहिल्याच दिवशी कळतं की तुमची खाट आणि टेबल यांच्यामधून माणूस जाऊच शकत नाही. हे प्रयोगाच्या दिवशी कळण्यापेक्षा बरं.

डावं-उजवं नेहमी नटाचं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहिल्यावर त्याचा जो उजवा हात तो स्टेज राईट. प्रेक्षकांच्या जवळचं डाऊन, मागच्या पडद्याकडचं अप. आडवे तीन आणि उभे तीन भाग पाडले की नऊ चौकोन होतात आणि दिग्दर्शकाच्या वहीत सगळ्या हालचाली याच नऊ चौकोनांत लिहिल्या जातात. पहिल्या आठवड्यात पाठ होतं, त्यावर जास्त बोलण्यासारखं काही नाही.

बोलण्यासारखं आहे ते बघणाऱ्याच्या डोळ्याबद्दल. दिग्दर्शक पोरगा तालमीत कायम बरोबर मध्ये खुर्ची टाकून बसतो आणि सगळं मधूनच बघतो. पण मधल्या खुर्च्या किती असतात हॉलमध्ये? पहिल्या रांगेच्या एकदम डावीकडच्या टोकाला बसून बघा, मग उजवीकडच्या, मग शेवटच्या रांगेतून. टोकाच्या खुर्चीतून समोरच्या विंगेत उभी असलेली, पदर नीट करणारी नायिका दिसते, प्रॉम्प्टरचा मोबाईल चमकताना दिसतो, आणि तुमची आत्महत्येची चिठ्ठी ज्या टेबलावर ठेवलीय ते टेबल दिसतच नाही कारण मध्ये कपाट आहे. म्हणूनच खोलीच्या बाजूच्या भिंती काटकोनात लावत नाहीत, पुढे येताना बाहेर फाकवतात. पाहणाऱ्याला ते जाणवत नाही पण टोकाच्या खुर्चीला खोली पूर्ण दिसते.

आता थोडं बाकड्याबद्दल.

आपल्या सिंधुदुर्गात वाढलेल्या पोरांना दशावतार नवा नाही, कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की रात्र-रात्र बघितलेला असतो, अर्धा झोपेत, कडेला खाजं खात. पण नाटक शिकायला लागल्यावर तो परत एकदा बघायला जा आणि गोष्ट सोडून फक्त जागा बघा. देवळासमोर किंवा सभामंडपात मोकळी जागा, मागे एक पडदा, एका बाजूला पेटी, पखवाज आणि झांज, आणि मध्ये एक लाकडी बाकडं, त्यावर चादर. सेट म्हणून एवढंच. राजा येतो, पखवाजाच्या बोलावर फेरी मारतो, बाकड्यावर बसतो, झाला दरबार. तोच उठून एक फेरी मारतो, म्हणतो आम्ही घोर अरण्यात आलो, झालं अरण्य, आणि आता त्याच बाकड्याकडे कोणी सिंहासन म्हणून बघत नाही. पुढे त्याच बाकड्यावर कोणीतरी मूर्च्छित पडतो, कोणीतरी त्यावर उभं राहून देव होतो. नाट्यशास्त्रात याला कक्ष्याविभाग म्हटलंय, म्हणजे रंगपीठावर नट थोडं चालला की जागा बदलली असं धरायचं, हा संकेत. तो शास्त्रात आहे म्हणून आपले दशावतारी करतात की आधीपासूनच करत आलेत हा वाद अभ्यासकांनी घालावा, आपल्याला कामाचं एवढंच की हे चालतं. म्हाताऱ्या आजीपासून शेंबड्या पोरापर्यंत सगळ्यांना कळतं.

आणि नीट बघाल तर बाकडं कुठेही टाकलेलं नसतं. मागून फेरी मारायला जागा सोडलेली असते, पुढे लढाईला जागा सोडलेली असते, आणि बसलेल्या माणसाचं डोकं उभ्या माणसाच्या छातीच्या खाली जाणार नाही इतकी उंची असते. लिहिलेली संहिता नसते, संवाद तिथल्या तिथे होतात, पण कोण कुठून येणार आणि बाकडं कोणाकडे जाणार हे पक्कं असतं. संकासूर येतो, काळा पेहराव, तोंडावर काळा बुरखा, लांब लाल जीभ, आणि तो सरळ पुढे प्रेक्षकांत घुसून मालवणीत मस्करी सुरू करतो. विष्णू तसं करत नाही. देव मागे आणि उंचावर, राक्षस पुढे आणि खाली. अप आणि डाऊनचा याहून सोपा धडा मला तरी माहीत नाही. हल्ली ट्रिकसीनचे दशावतार होतात, धूर आणि फिरती चक्रं आणि रंगीबेरंगी एलईडी, लोकांना आवडतात, मला त्यातले काही खरोखर भारी वाटतात, पण शिकायचं असेल तर साधा बघा.

म्हणून मी पोरांना सांगते, पहिल्या तालमीला एक बाकडं नाहीतर दोन ठोकळे, बस. एकांकिका त्यावर उभी राहते का बघा. ज्या क्षणी वाटेल की आता इथे खिडकी नसेल तर हे कळणारच नाही, त्या क्षणी खिडकी आणा. सोफा या परीक्षेत क्वचितच पास होतो. तो चार माणसं उचलतात, स्टेजची एक तृतीयांश जागा खातो, आणि त्यात बसलेला नट इतका खोल जातो की उठायला त्याला दोन वाक्यं लागतात.

ठोकळ्यांचा खरा उपयोग लेव्हलसाठी. सगळे एकाच उंचीवर एका रांगेत उभे राहून बोलले की ते शाळेच्या गॅदरिंगमधलं समूहगीत वाटतं. एक बसलेला, एक उभा, एक फूटभर उंच लेव्हलवर, एवढ्यानेच चित्र तयार होतं आणि डोळा कुठे जायचा ते ठरतं. सगळे बसलेत आणि एक उभा आहे तर डोळा उभ्याकडे, सगळे उभे आणि एक बसला तर बसलेल्याकडे. सगळे हलतायत आणि एक स्थिर, तर त्या स्थिराकडे. तीन माणसं असतील तर त्रिकोण करा, सरळ रेघ नको, एक पुढे आला की दुसऱ्याने अर्धं पाऊल सरकून जागा भरायची, तेही सहज. दोघं बोलताना मागचा नट हळूहळू अजून मागे सरकत गेला तर पुढच्याला त्याच्याशी बोलायला प्रेक्षकांकडे पाठ करावी लागते, काही महाभाग हे मुद्दाम करतात, अशांना तालमीतच पकडायचं. हातवारे करायचे तर प्रेक्षकांपासून लांबचा हात वापरा म्हणजे तोंड झाकत नाही, गुडघा टेकायचा तर प्रेक्षकांकडचा टेका म्हणजे अंग समोर उघडं राहतं. हे ऐकायला यांत्रिक वाटतं, दोन आठवड्यांनी अंगात बसतं आणि मग नट ते विसरतो.

फ्लॅट. पूर्वी संगीत नाटकात रंगवलेले पडदे असायचे, जंगलाचा वेगळा, राजवाड्याचा वेगळा, रस्त्याचा वेगळा, आणि बाबूराव पेंटरांसारखी माणसं ते रंगवायची. आपल्या वाट्याला आलाय फ्लॅट, म्हणजे लाकडी पट्ट्यांची चौकट आणि त्यावर ताणलेलं मांजरपाट. चार फूट रुंद ठेवा, त्याहून रुंद केला की टेम्पोत आणि दारातून न्यायला त्रास. चौकटीच्या कोपऱ्यांना प्लायचे त्रिकोणी तुकडे मारायचे नाहीतर चौकट वाकडी होते. कापड आधी मधून खिळवायचं, मग टोकांकडे जायचं, आणि फार ताणायचं नाही, कारण खरी गंमत पुढे आहे. सरस गरम पाण्यात विरघळवून त्यात व्हायटिंग पावडर, म्हणजे खडूची पांढरी पूड, मिसळायची आणि ते पातळ मिश्रण मोठ्या ब्रशने सगळ्या कापडावर मारायचं. ओलं असताना कापड लोंबतं, पोरं घाबरतात, आणि मग वाळत आलं की हळूहळू आकसून ढोलकीसारखं टण्ण होतं, बोट मारलं की आवाज येतो. त्यावर रंग सुंदर बसतो. फक्त कोकणात हे वाळायला वेळ लागतो हे लक्षात ठेवा, पुण्यातला व्हिडिओ बघून संध्याकाळी लावलं आणि सकाळी रंगवू असं ठरवलंत तर सप्टेंबरात तरी नाही होणार, हवेतच एवढं पाणी असतं की एका रात्रीत सुकत नाही, पंखा लावा आणि दोन दिवस हातात ठेवा. अर्धवट ओल्यावर रंग मारला तर आठवड्यात मागून काळी बुरशी.

उभा करताना मागून तिरका टेकू आणि टेकूच्या पायावर वजन. किनाऱ्यालगत उघड्या स्टेजवर खेळणार असाल तर हे वजन दुप्पट करा. एकदा आमच्या सुतारमामांनी तालमीतला फ्लॅट नुसता बघितला आणि म्हणाले, "गे बाय, ह्यो वाऱ्यान उडतलो, पाटसून धरूक कोण आसा?" म्हणजे हा वाऱ्याने उडेल, मागून धरायला कोण आहे. तोवर टेकूचा कोणी विचारच केला नव्हता. रेती आपल्याकडे फुकट आहे, खताच्या रिकाम्या पिशव्या धुऊन त्यात भरा आणि टेकूवर टाका. आणि दोऱ्या बांधायला ग्रुपमधला तो पोरगा पुढे करा ज्याच्या घरची होडी आहे, त्याने बांधलेली गाठ ओढली की घट्ट होते आणि सोडायची तेव्हा एका झटक्यात सुटते, बाकीचे जण जे गुंते करतात ते शेवटी सुरीने कापावे लागतात.

दरवाजा बाजूच्या भिंतीत असेल तर बिजागरी मागच्या पडद्याकडच्या बाजूला लावा आणि तो बाहेरच्या बाजूला, विंगेकडे उघडू द्या. असं केलं की येणारा नट दाराच्या फळीमागे लपत नाही आणि उघडी फळी मागचा बॅकस्टेज झाकते. उलटी लावलीत तर नायक एन्ट्री घेतो आणि प्रेक्षकांना दिसते फळी.

लाईटवर मी फार बोलते अशी माझी ख्याती आहे, तर आवरतं घेते. सरळ समोरून एकच लाईट मारला की चेहरा सपाट, नाक-डोळे सगळं एका पातळीत. अमेरिकेत स्टॅन्ली मॅककँडलेस नावाच्या माणसाने १९३० च्या दशकात जी पद्धत लिहून ठेवली ती अजूनही चालते, समोरून दोन लाईट, एक डावीकडून एक उजवीकडून, दोन्ही साधारण पंचेचाळीस अंशांत तिरके आणि पंचेचाळीस अंश वरून, एकाला उबदार रंग, एकाला थंड. मग मागून एक बॅकलाईट, त्याने केस आणि खांदे उजळतात आणि माणूस पडद्यापासून सुटा दिसतो. आपल्या तालुक्याच्या हॉलमध्ये समोर लाईट टांगायला बार नसतोच बहुतेक, तिथे खुर्च्यांच्या दोन्ही कडांना उंच स्टँड. खालून मारलात तर सगळे भूत दिसतात, भुताची एकांकिका असेल तर उत्तम. आणि अंतर विसरू नका, लाईट दुप्पट लांब नेलात तर उजेड निम्मा होत नाही, पाव होतो.

लाईटवाले आठ रंगांचे एलईडी लावून देतात म्हणून सगळे रंग वापरायलाच पाहिजेत असं नाही. लाल शालू गडद निळ्या लाईटमध्ये काळा दिसतो, हिरव्यातही तेच, आणि मग वेशभूषावाली रडते. कपडे, रंगभूषा आणि लाईट हे तिन्ही एकदा एकत्र बघायचे, रंगीत तालमीत, आधी नाही जमलं तरी तेव्हा तरी. लाईटने किती करता येतं त्याचं टोकाचं उदाहरण हवं असेल तर प्रकाशयोजनाकार तापस सेन, १९५९ साली कोलकात्याच्या मिनर्व्हात उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत पाणी भरत जाताना त्यांनी नुसत्या उजेडाने दाखवलं. पाण्याचा एक थेंब नाही.

आता गणित, आणि हे वगळू नका. १००० वॅटचा एक हॅलोजन २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो. भिंतीतल्या मोठ्या सॉकेटची मर्यादा १५ किंवा १६ अँपिअर. म्हणजे एका सॉकेटवर तीन, चौथा नाही. पोरं एका एक्स्टेंशन बोर्डावर पाच लावतात, वायर गरम होते, वास येतो, आणि कोणीतरी म्हणतं धुराचा इफेक्ट भारी आहे. वेगवेगळ्या सर्किटवर वाटून घ्या, वायरमनला आधीच बोलवा, ओल्या जमिनीवर जोड टेकू देऊ नका. हॅलोजनसमोर क्राफ्टच्या दुकानातला जिलेटिन कागद लावू नका, वितळतो आणि जळतोसुद्धा, लाईटचीच जेल, म्हणजे उष्णता सोसणारा रंगीत कागद, आणा. आणि हॅलोजन पडद्यापासून चांगला लांब ठेवा.

ब्लॅकआऊटबद्दल माझं मत ऐकून काही दिग्दर्शक मला टाळतात. पस्तीस मिनिटांच्या एकांकिकेत आठ ब्लॅकआऊट म्हणजे आळस. प्रत्येक वेळी प्रेक्षक खोकतो, मोबाईल बघतो, आणि अंधारात खुर्ची सरकवल्याचा आवाज तर येतोच, म्हणजे लपलं काहीच नाही. पेट्रोमॅक्सच्या उजेडात खेळणाऱ्या दशावतारींना ब्लॅकआऊट परवडतच नव्हता, त्यांनी फेरी मारून सीन बदलला. तुम्हीही बदला, पात्रांनीच दोन ठोकळे उचलून न्यावेत, त्याच लयीत, त्याच भूमिकेत, सून असेल तर सुनेसारखं. खरंच अंधार लागणार असेल तर एक, फार तर दोन, आणि ते मोजून. जागांवर अंधारात चमकणाऱ्या टेपचे बारीक तुकडे लावा, नखाएवढे, पट्ट्या नकोत. आणि विंगेत थांबलेल्याने काळोख व्हायच्या आधी काही मिनिटं एक डोळा घट्ट मिटून ठेवायचा, अंधार झाला की तो उघडायचा, त्या डोळ्याला बऱ्यापैकी दिसतं, उजेडातून आलेल्या डोळ्याला काहीच दिसत नाही. जुनी युक्ती आहे, करून बघा.

विंगेत प्रॉपर्टीचं टेबल लावा, वर पांढरा कागद, प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा पेनने काढलेली आणि आत नाव. चष्म्याची जागा रिकामी दिसली की एका नजरेत कळतं चष्मा कुठेतरी गेलाय. दुसऱ्याच्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही, गंमत म्हणून पण नाही. क्यू शीटवर, म्हणजे काय कधी द्यायचं त्या यादीत, लाईट आणि साऊंड दोन्ही एकाच कागदावर, कोणत्या शब्दावर ते अधोरेखित करून, आणि क्यू देणारा माणूस एकच. दिग्दर्शक, लेखक, आणि लेखकाची मैत्रीण असे तिघे हात हलवायला लागले की ऑपरेटर बिचारा कोणाकडे बघणार. तिसरी घंटा झाली की दिग्दर्शकाने प्रेक्षकांत जाऊन बसायचं आणि गप्प राहायचं.

साऊंडला ब्लूटूथ नको, वायर लावा, फोन फ्लाईट मोडवर टाका, नाहीतर बापाच्या अंत्ययात्रेत स्पीकरवर रिंगटोन वाजते. घोड्याच्या टापा नारळाच्या दोन करवंट्यांनी होतात, ढगांचा गडगडाट पत्र्याची मोठी शीट हलवून, आणि हे स्टेजवरच्या माणसाला ऐकूनच वाजवता येतं त्यामुळे रेकॉर्डिंगपेक्षा टायमिंग बरं जमतं.

अजून एक आपल्याकडचं. शाळांच्या स्टेजना मागून एका विंगेतून दुसऱ्या विंगेत जायला वाट नसते. डावीकडून एक्झिट घेऊन उजवीकडून एन्ट्री असेल तर पोराला इमारतीला वळसा घालून यावं लागतं, आणि ऑक्टोबरात पाऊस पडत असेल तर तो भिजून येतो आणि नाटकात मात्र भर उन्हाळा. ग्राउंड प्लॅन काढतानाच हे बघा, मागच्या पडद्याला एक-दीड फूट पुढे घेतलं तरी आडवं होऊन जायला वाट होते.

प्रयोग संपला की फोटो काढायच्या आधी सेट उतरवा, फोटोनंतर अर्धे गायब असतात. खिळे उपटून डब्यात, फळीत राहिलेला खिळा पुढच्या माणसाच्या पायात जातो. फ्लॅट भिंतीला टेकून जमिनीवर ठेवू नका, खाली चिऱ्याचे दोन तुकडे घालून उभे करा, भिंतीपासून वीतभर सुटे, नाहीतर पुढच्या वर्षी चौकटीत वाळवीच मिळेल. आणि मांजरपाटावर परत सरस मारून तोच फ्लॅट तीन-चार नाटकांना चालतो, त्यामुळे फाडू नका कोणी.